छिद्र, तार आणि ताण : कारखान्याची चाळणी कशी घडते

रहिमतपूरहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की तारगाव, मसूर, कराड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली अशी स्थानकं लागत जातात. रुळांच्या दोन्ही अंगांना ऊस, आलं, हळद आणि पुढे द्राक्षाचे मांडव. कराडचं रेल्वे स्थानक ज्या ओगलेवाडीत आहे, तिथे ओगले बंधूंनी १९१६ साली काचकारखाना उभा केला आणि तिथले प्रभाकर कंदील घरोघरी पोचले. त्याआधी १९१० साली औंध संस्थानातल्या एका उजाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना वसवला. शेती आणि कारखानदारी या पट्ट्यात गेली शंभरेक वर्षं शेजारी नांदत आहेत.

इथे जे पिकतं आणि जे घडतं, त्यातलं पुष्कळसं बाजारात पोचण्याआधी एकदा तरी चाळणीवरून जातं. हळदीची पूड, साखर, बेदाणा, ओतकामाची वाळू, काळा पाषाण फोडून केलेली खडी. हे सगळं हाताने चाळणं आता शक्य नाही, म्हणून थरथरणारी यंत्रं आली. धान्य-मसाल्याच्या कारखान्यात त्यांना व्हायब्रो सिफ्टर म्हणतात, खडी फोडणाऱ्या क्रशरवर नुसतं स्क्रीन. यंत्र विकत घेताना चौकशी होते ती मोटर किती अश्वशक्तीची, पत्रा कोणता, स्प्रिंगा किती याची. जाळीची चौकशी एका आकड्यात संपते: ‘चाळीस नंबरची द्या.’ खरं काम मात्र ती जाळीच करते. बाकीचं सगळं यंत्र तिला हलवण्यासाठी असतं. मालाचा दर्जा, ताशी उत्पादन, वाया जाणारा माल आणि ग्राहकाच्या पोटात काय जातं याचा निकाल हातभर जाळीवर लागतो. म्हणून ती कशी आखतात आणि कशी घडवतात, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

दाणा खाली पडतो कसा

छिद्रापेक्षा लहान दाणा खाली पडणार आणि मोठा वर राहणार, इतकं चाळण्याचं तत्त्व सोपं वाटतं. पण लहान दाणाही पहिल्याच उडीत खाली जाईल याची खात्री नसते. त्याला नेमक्या जागी पडावं लागतं.

एक साधा हिशेब मांडू. छिद्र १ मिमी आणि तार ०.४ मिमी जाडीची आहे. म्हणजे जाळीचं एक घर, छिद्र आणि तार मिळून, १.४ मिमी बाजूचा चौरस झालं. आता ०.५ मिमीचा गोल दाणा सरळ वरून पडतो आहे. तारेला न लागता तो आत जायचा, तर त्याचा मध्यबिंदू छिद्राच्या मधल्या ०.५ मिमी बाजूच्या चौरसात पडायला हवा. त्या छोट्या चौरसाचं क्षेत्रफळ ०.२५ आणि पूर्ण घराचं १.९६. शक्यता साधारण आठात एक. दाणा ०.९ मिमीचा असेल तर मधला चौरस उरतो अवघ्या ०.१ मिमी बाजूचा. शक्यता जवळजवळ दोनशेत एक! दोन्ही दाणे छिद्रापेक्षा लहान, दोन्ही नियमाने खाली जाणारे, पण दुसऱ्याला पंचवीसपट अधिक प्रयत्न हवेत. अमेरिकी धातुशास्त्रज्ञ आंत्वान गॉडिन यांनी १९३९ साली खनिज-प्रक्रियेवरच्या आपल्या ग्रंथात चाळण्याकडे असं शक्यतेच्या अंगाने पाहिलं आणि चाळण-यंत्रांच्या आखणीत हा विचार आजही पायाभूत आहे.

प्रत्यक्षात दाणे उड्या मारतात, लोळतात, तिरके होतात, त्यामुळे संधी थोडी वाढते. तरी या हिशेबातून तीन गोष्टी पक्क्या कळतात. पहिली, जाळीवर दाण्याला पुरेशा उड्या मिळाल्या पाहिजेत. माल घाईने पुढे ढकलला तर बारीक मालही वरच्या तोंडातून निघून जातो. दुसरी, मालाचा थर जाड झाला तर वरचे दाणे जाळीपर्यंत पोचतच नाहीत. तिसरी, खरा त्रास देतात ते छिद्राच्या मापाच्या जवळपासचे दाणे. थोडे लहान असतील तर खाली जायला फार वेळ लावतात, थोडे मोठे असतील तर छिद्रात अडकून बसतात. म्हणून जाळी निवडण्याआधी आपल्या मालात असे ‘जवळच्या मापाचे’ दाणे किती आहेत हे पाहायला हवं. ते फार असतील तर तीच जाळी आणि तेच यंत्र निम्मंही काम देत नाही, आणि दोष मोटरला दिला जातो.

नंबर एक, माप दुसरं

जाळीचा नंबर, म्हणजे मेश, सांगतो इतकंच की एका इंचात किती छिद्रं आहेत. छिद्र किती मोठं आहे हे तो सांगत नाही, कारण त्या इंचात तारांचीही जाडी धरलेली असते.

४० मेशची जाळी घेऊ. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. त्याला ४० ने भागलं की एक घर ०.६३५ मिमीचं येतं. तार ०.२५ मिमीची असेल तर छिद्र उरलं ०.३८५ मिमी. तार ०.१८ मिमीची असेल तर छिद्र ०.४५५ मिमी. दोन्ही जाळ्या चाळीस नंबरच्याच, पण एकीतून जो दाणा जाईल तो दुसरीत अडेल. याच्या उलटही घडतं: ०.१८ मिमी तारेची ४५ मेश जाळी घेतली तर तिचं छिद्र येतं सुमारे ०.३८४ मिमी. म्हणजे जाड तारेची चाळीस आणि बारीक तारेची पंचेचाळीस या दोन्हींचं छिद्र एकच!

मग दोन्हींत फरक काय? फरक मोकळ्या जागेचा. जाळीच्या एकूण क्षेत्रफळापैकी किती भाग छिद्रांचा, हे काढायला छिद्राच्या मापाला घराच्या मापाने भागायचं आणि उत्तराचा वर्ग करायचा. जाड तारेच्या ४० मेशमध्ये मोकळी जागा येते ३७ टक्क्यांच्या आसपास, बारीक तारेच्या ४५ मेशमध्ये ४६ टक्के. छिद्र तेच ठेवून जागा पावपटीने वाढली, म्हणजे त्याच यंत्रावर उत्पादन वाढायला वाव मिळाला. पण तो फुकट मिळत नाही. ०.२५ मिमीच्या तारेच्या छेदात ०.१८ मिमीच्या तारेपेक्षा जवळजवळ दुप्पट धातू असतो. बारीक तार लवकर झिजते, लवकर तुटते. जाळीची सगळी आखणी या दोन टोकांमध्ये चालते: अधिक मोकळी जागा की अधिक आयुष्य. उत्तर मालावर अवलंबून असतं. हलकी, मऊ पूड असेल तर बारीक तार परवडते. खरखरीत, जड माल असेल तर जाड तारेला पर्याय नाही.

मापांची ही शिस्त जगाला खाणकामाने लावली. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅग्रिकोला यांच्या खाणविद्येवरच्या ग्रंथात धातुक चाळणाऱ्या कामगारांची चित्रं आहेत, पण प्रत्येक खाणीची चाळणी वेगळी. १८६७ साली ऑस्ट्रियाच्या रिटिंगर यांनी सुचवलं की चाळण्यांच्या मापांची एक ठरावीक चढण असावी: प्रत्येक पुढचं छिद्र आधीच्या छिद्राच्या वर्गमूळ दोन पट, म्हणजे क्षेत्रफळाने बरोबर दुप्पट. पुढे अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या टायलर कंपनीने याच तत्त्वावर चाचणी-चाळण्यांची मालिका बाजारात आणली. आज आपल्या प्रयोगशाळांमध्ये ४.७५, ३.३५, २.३६, १.७०, १.१८ मिलिमीटर, मग ८५०, ६००, ४२५, ३००, २१२, १५०, १०६ आणि ७५ मायक्रॉन अशा पितळी चाळण्या एकावर एक रचून ठेवलेल्या दिसतात, त्या या चढणीतल्याच. भारतात त्यांच्यासाठी आयएस ४६० हे मानक आहे आणि ते छिद्राच्या मापावर बोलतं. बाजार मात्र अजून नंबरावरच बोलतो. पुष्कळ तक्रारींचं मूळ इथेच आहे.

चार माल, चार जाळ्या

आता या पट्ट्यातले चार माल घेऊन पाहू. एकाची जाळी दुसऱ्याला का चालत नाही, ते यातून कळेल.

हळद दोनदा चाळली जाते. शिजवून, वाळवून, ढोलात पॉलिश केलेली हळद बाजारात जाताना हळकुंडं, गड्डे आणि कणी वेगळी करावी लागते. सांगलीच्या बाजारात प्रत्येकाचा भाव निराळा. इथे विणलेल्या जाळीपेक्षा भोकं पाडलेला पत्रा बरा, कारण लांबट हळकुंड विणलेल्या जाळीत टोक खुपसून अडकतं. पत्र्यात भोकाचा आकारही निवडता येतो. गोल भोक वस्तूची रुंदी पाहतं, लांबट खाच तिची जाडी पाहते. भात आणि डाळीच्या गिरणीत हाच नियम वापरतात. गोल भोकं एकाआड एक, त्रिकोणी रचनेत पाडली की पत्रा कमी वाया जातो: ६ मिमीची भोकं ९ मिमी अंतरावर असतील तर सुमारे ४० टक्के जागा मोकळी मिळते. पंचने पाडलेलं भोक वरून किंचित अरुंद आणि खालून किंचित रुंद असतं. म्हणून पत्रा बसवताना अरुंद बाजू वर ठेवायची. भोकात शिरलेला तुकडा मग खाली मोकळा सुटतो. पत्रा उलटा बसवला तर तोच तुकडा पाचर मारल्यासारखा घट्ट बसतो.

हळदीची पूड हा अगदी निराळा माल. तिच्यात उडणारं तेल असतं, दळताना ती तापते, आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा धरते. बारीक कण एकमेकांना आणि तारेला चिकटतात. साधारण ३०० मायक्रॉनचं छिद्र हवं असेल तर ५० मेश आणि ०.२० मिमी तार, किंवा ६० मेश आणि ०.१२ मिमी तार, दोन्हींतून ते जवळपास मिळतं. पुडीच्या वजनाने तारेची झीज फार होत नाही, तेव्हा दुसरी जाळी उत्पादनाला चांगली. पण कामगार अडकलेली पूड काढायला तिच्यावर ब्रशने घासत असेल तर तीच जाळी लवकर फाटेल. म्हणजे जाळीची निवड ती वापरणाऱ्या हातांवरही ठरते.

साखरेचा दाणा टणक, चौकोनी आणि धारदार. कारखान्यात ती एकावर एक अशा दोन-तीन जाळ्यांवरून जाते. वर गाठी, म्हणजे कामगारांच्या भाषेत रोरी, अडतात. मग एल, एम आणि एस म्हणजे मोठा, मध्यम आणि लहान दाणा वेगळा होतो. तळाची भुकटी परत विरघळवायला जाते. इथे चुकीच्या जाळीचा फटका थेट पैशात बसतो: मोठा दाणा लहान दाण्यात मिसळला तर भाव पडतो, आणि चांगला दाणा भुकटीत गेला तर तो पुन्हा शिजवायचा खर्च येतो. साखरेचे कोपरे तारेला घासत राहतात, गरम साखर ओलसर असेल तर जाळीवर पापुद्रा धरतो. म्हणून ती जाळीपर्यंत येण्याआधी कोरडी आणि थंड झालेली हवी.

खडी हा चाळणीचा सगळ्यांत कठोर परीक्षक. सह्याद्रीचा काळा पाषाण जाळीवर आदळतो तेव्हा बारीक विणीचं काही चालत नाही. इथे कडक पोलादाच्या, आधीच बाक दिलेल्या जाड तारा एकमेकींत अडकवून जाळी विणतात. त्या बाकामुळे तारा सरकत नाहीत आणि छिद्र मोठं होत नाही. नदीतली वाळू दुर्मिळ झाल्यापासून क्रश सँडचं, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचं, महत्त्व वाढलं. काँक्रीटच्या खडी-वाळूचं मानक आयएस ३८३. त्यात बारीक मालाची सीमा ४.७५ मिमीची चाळणी आहे. मग क्रशरवर ४.७५ मिमीचीच जाळी लावायची का? स्क्रीन उताराला असतं. वरून पडणाऱ्या दाण्याला तिरपं छिद्र आखूड दिसतं. २० अंशांच्या उतारावर ते सहा टक्क्यांनी कमी होतं, म्हणून ४.७५ मिमीला माल वेगळा व्हावा असं वाटत असेल तर जाळीचं छिद्र पाच मिमीच्या आसपास लागतं. मालाची गती आणि ओलावा पाहून त्यात पुन्हा थोडा फेर करावा लागतो. क्रश सँडच्या दर्जाबद्दलच्या तक्रारींमागे पुष्कळदा एवढीच गोष्ट असते.

ओतकामाच्या वाळूची गरज आणखी वेगळी. साच्याची वाळू पुन्हा पुन्हा वापरतात. ओतीव सुटं केल्यावर वाळूत गाठी, लोखंडाचे थेंब, तारांचे तुकडे येतात. चाळणीचं काम ते बाजूला काढण्याचं. तिथे छिद्र मोठं चालतं, पण जाळी टिकाऊ हवी. याउलट प्रयोगशाळेत तीच वाळू चाचणी-चाळण्यांच्या उतरंडीतून घालून तिचा बारीकपणा एका आकड्यात मोजतात. ओतीवाचा पृष्ठभाग गुळगुळीत येणार की खरबरीत, वायू बाहेर पडायला वाळूत जागा आहे की नाही, याचा अंदाज त्यावरून येतो.

थरथर किती असावी

जाळी कितीही चांगली असली तरी तिला योग्य झटका हवा. मोटरच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेली वजनं बसवलेली असतात. दांडा फिरला की ती सगळ्या चौकटीला ओढतात, आणि स्प्रिंगांवरचं अंग थरथरतं. चौकटीची हालचाल वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ५ मिमी आणि फेरे मिनिटाला १,४४० असतील, तर जाळीवरच्या दाण्याला गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ सहापट झटका बसतो. फेरे ९६० केले तर तो अडीचपटीच्या थोडा वर येतो, कारण झटका फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. म्हणून वेग आणि उडी दोन्ही एकदम वाढवायचं नसतं. बारीक पुडीला आखूड आणि जलद थरथर मानवते. जड, मोठ्या मालाला लांब आणि संथ उडी.

गोल सिफ्टरमध्ये मोटर उभी असते आणि वजनं वर-खाली दोन्ही टोकांना. वरचं वजन मालाला मध्यापासून कडेकडे ढकलतं, खालचं वजन जाळीला हेलकावा देऊन उडी देतं. दोन वजनांमधला कोन हा चालकाच्या हातातला सगळ्यांत उपयोगी खटका आहे. कोन कमी असेल तर माल थेट कडेला जाऊन बाहेर पडतो. कोन वाढवला की तो गोल फिरत, जास्त वेळ जाळीवर राहतो. फार वाढवला तर माल उलट मध्याकडे गोळा होतो. बारीक माल वरच्या तोंडातून निघतोय अशी तक्रार आली की आधी हा कोन पाहावा, जाळी नंतर बदलावी.

आयताकृती यंत्रात दोन मोटरी एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात. त्यांना जोडणारा पट्टा किंवा दातेरी चाक नसतं, तरी थोड्याच वेळात त्या आपोआप एका तालात येतात आणि चौकट एका सरळ तिरक्या रेषेत हलू लागते. १६६५ साली डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी पाहिलं होतं की एकाच आधारावर टांगलेली दोन घड्याळं एका तालात येतात. ज्या आधाराने दोघांना धरलंय, तोच त्यांना जुळवतो. म्हणून त्या आधाराचं, म्हणजे चौकटीचं अंग ताठ हवं. ती सैल झाली तर ताल बिघडतो आणि पहिला बळी जाळीचा जातो.

जाळी बुजते तेव्हा

जाळी बुजण्याची कारणं निरनिराळी असतात आणि उपायही. छिद्राच्या जरा मोठ्या मापाचे दाणे अडकत असतील तर जाळीखाली दुसरी जाड जाळी लावून मधल्या जागेत रबराच्या किंवा सिलिकॉनच्या गोळ्या सोडतात. यंत्र थरथरलं की गोळ्या वर उडून जाळीला खालून ठोकतात आणि दाणे मोकळे करतात. खाद्यपदार्थांत या गोळ्या निळ्या किंवा मालापासून सहज वेगळ्या दिसणाऱ्या रंगाच्या वापरतात. झिजलेला तुकडा मग नजरेत भरतो. फार बारीक पुडीला चौकटीतून सेकंदाला सुमारे ३५ हजार कंपनांची श्राव्यातीत लहर देतात. मग तारेवर कण सहसा चिकटून राहत नाहीत. ओलाव्याने पापुद्रा धरत असेल तर गोळ्या लावून उपयोग नाही, माल आधी कोरडा करायला हवा. घर्षणाने विजेचा भार साचून पूड चिकटत असेल तर यंत्राला अर्थिंग नीट आहे का ते पाहावं.

रिंगवर जाळी चढवताना

आता खरी घडण. गोल जाळीसाठी आधी पट्टी रोलरवर वळवून रिंग करतात, टोकं टिग वेल्डिंगने जोडतात, जोड घासून सपाट करतात आणि रिंग सपाट पाटावर ठेवून डुलते का ते पाहतात. रिंग जराशी वाकडी असली तर जाळी एका बाजूला ढिली आणि दुसऱ्या बाजूला ताठ बसते. मग कितीही ताणा, ती तशीच राहणार.

धातू निवडण्यातही विचार आहे. खाद्यपदार्थांत साधारण ३०४ जातीचं स्टेनलेस पोलाद चालतं, ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. मीठ, आंबट किंवा क्षारयुक्त माल असेल तर ३१६ बरं, कारण त्यात मॉलिब्डेनम असतं आणि ते गंजाला जास्त तोंड देतं. जिथे तुटलेली तार मालात जाण्याची भीती फार आहे तिथे ४३० जातीची जाळी वापरतात. ती चुंबकाला चांगली चिकटते, म्हणून तुटका तुकडा पुढच्या चुंबकावर पकडला जातो.

जाळी ताणण्याच्या टेबलावर चारही बाजूंनी पकडी असतात. जाळीचे उभे-आडवे धागे टेबलाच्या कडांना समांतर लावणं ही पहिली अट. ती तिरकी बसली तर ओढ लागताच चौकोनी छिद्रं तिरपी होतात आणि माप अरुंद होतं. ओढ एकदम देत नाहीत. आधी एका दिशेने थोडी, मग दुसऱ्या दिशेने, पुन्हा पहिल्या. विणताना उभ्या आणि आडव्या तारांना आलेला बाक सारखा नसतो, म्हणून दोन्ही दिशांनी जाळी सारखी लांबत नाही. मधे थोडा वेळ थांबावं लागतं, कारण ताणलेली जाळी जरा सैलावते. मग शेवटची ओढ. तयार कारागीर बोट टेकवून किंवा टिचकीच्या आवाजावरून ताण ओळखतो. ती जाण मोलाची आहे, पण एका जाळीपासून दुसऱ्या जाळीपर्यंत सारखेपणा हवा असेल तर ताणमापक लावून आकडा लिहून ठेवायला हवा.

मग रिंग खालून लावतात. जोडण्याचे दोन मार्ग: तारा रिंगला विजेने वेल्ड करणं, किंवा घासून, तेल पुसून कोरड्या केलेल्या रिंगवर इपॉक्सी गोंदाने चिकटवणं. गोंदात ताण सगळीकडे सारखा वाटला जातो, बारीक जाळीला तो मानवतो. पण माल गरम असेल तर गोंद तेवढी उष्णता सोसणारा हवा आणि खाद्यपदार्थासाठी मान्य असलेला हवा. गोंद पूर्ण वाळण्याआधी पकडी सोडल्या तर सगळा ताण तिथेच निघून जातो. शेवटी कडा कापतात आणि सिलिकॉनचं गॅस्केट बसवतात. कडेला फट किंवा कपार राहिली तर तिथे पूड साचते, कुजते आणि पुढच्या मालात मिसळते.

क्रशरच्या जाळीला रिंग नसते. तिच्या दोन्ही कडांना पत्र्याचे आकडे वळवलेले असतात. ते बाजूच्या पट्ट्यांत अडकवून बोल्टने ओढतात. खालचा आधार मध्ये किंचित उंच असतो, म्हणजे जाळी त्याच्यावर घट्ट बसते, आणि आधारावर रबराची पट्टी हवी. नवी जाळी काही तास चालली की बोल्ट पुन्हा आवळणं अत्यावश्यक. हे न केल्यामुळे पुष्कळ जाळ्या झिजण्याआधीच मरतात.

फाटलेली जाळी वाचायला शिका

मिनिटाला १,४४० फेऱ्यांनी आठ तासांच्या पाळीत जाळी जवळजवळ सात लाख वेळा हलते. पंचवीस पाळ्यांत एक कोटी बहात्तर लाखांहून अधिक वेळा. तिच्यावर पडणारा प्रत्येक झटका तार तोडण्याइतका नसतो, पण वाकणं-उलगडणं सतत चाललं तर धातू थकतो. ढिली जाळी प्रत्येक फेऱ्यात फडफडते, आणि तारा रिंगजवळ पुन्हा पुन्हा वाकून तुटतात. फार ताणलेली जाळी आधीच मर्यादेच्या जवळ असते, जरा जड माल पडला की जाते. जाळीचा ताण हा तिच्या आयुष्याचा निम्मा हिस्सा आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणून फाटलेली जाळी लगेच भंगारात टाकू नये. ती कुठे फाटली ते पाहावं. रिंगच्या कडेने फाटली असेल तर ताण कमी होता, किंवा रिंगची कड धारदार राहिली होती. मध्यभागी फाटली असेल तर जाळी खाली झोळ धरून बसली होती किंवा थर फार जाड होता. माल जिथे पडतो नेमक्या त्या जागी भोक पडलं असेल तर माल फार उंचावरून येतोय. तिथे आडवी पट्टी किंवा शंकू बसवावा. एका रेषेत झीज असेल तर खालचा आधार घासतोय. जाळीची प्रत्येक फाट यंत्राबद्दल काही सांगत असते.

खाद्यपदार्थांत ही गोष्ट यंत्रापुरती राहत नाही. बारीक तारेचा तुकडा कोणाच्या जेवणात जाऊ शकतो. म्हणून पाळी सुरू होताना आणि संपताना जाळी उजेडासमोर धरून पाहणं, तिची नोंद ठेवणं आणि पुढे चुंबक व मेटल डिटेक्टर लावणं, हे गिऱ्हाइकाच्या जिवाची काळजी घेणं आहे. पॅकिंगवर छापलेल्या कोणत्याही शब्दापेक्षा हे काम मोठं.

ऑर्डरमध्ये काय लिहावं

रहिमतपूरच्या हळद दळणाऱ्यापासून तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यापर्यंत प्रत्येकाला जाळी लागते. ती घडवणारे हातही या भागात कमी नाहीत. नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत सगळं घडवलेला हा पट्टा आहे. कमतरता आहे ती मापाच्या भाषेची. जाळी मागवताना नंबराबरोबर पाच गोष्टी लिहाव्यात: छिद्राचं माप मिलिमीटर किंवा मायक्रॉनमध्ये, तारेची जाडी, धातूची जात, रिंगचं बाहेरचं आणि आतलं माप, आणि काय माल चाळायचा आहे, तो किती ओला, किती गरम, ताशी किती. घडवणाऱ्यानेही जाळीबरोबर ताणाचा आकडा आणि तयार केल्याची तारीख द्यावी. जाळी हातात आली की भिंगाखाली दहा छिद्रं मोजावीत, तारेला मायक्रोमीटर लावावा. ही अवजारं महाग नाहीत आणि हे मोजणं आयटीआयचा विद्यार्थी एका दिवसात शिकतो.

मग जाळी बसवल्याची तारीख आणि फाटल्याची तारीख वहीत लिहीत जावं. वर्षभरात त्या वहीतून दिसतं की कोणती तार आपल्या मालाला टिकते, कोणत्या महिन्यात जाळी बुजते, कोणत्या पाळीला ती फाटते. हे ज्ञान दुसऱ्या गावचा विक्रेता देऊ शकत नाही, कारण ते आपल्याच हळदीचं, आपल्याच साखरेचं आणि आपल्याच दगडाचं असतं. ज्या कारखान्याकडे अशी वही आहे, तो जाळी स्वस्त मिळते का हे विचारणं सोडून देतो. एक किलो चांगला माल चाळायला जाळीचे किती पैसे पडले, हे तो विचारू लागतो. हिशेब तिथून सुरू झाला की मालाचा दर्जाही सुधारू लागतो.